तीस फवारे

कारखान्यात तिला सगळे बाई म्हणत. शाळेतल्या बाई नव्हे, पण वचक तसाच. कारखाना दगड दळण्याचा. पांढरा दगड एका टोकाला ट्रकमधून ओतायचा आणि दुसऱ्या टोकाला त्याची मैद्यासारखी पूड पोत्यांत भरून काच बनवणाऱ्यांकडे पाठवायची, एवढंच तिथलं काम. ऐकायला सोपं आहे. पण ती पूड पोत्यात जाते तशी हवेतही जाते, आणि हवेतून माणसाच्या छातीत गेली की बाहेर यायचं नाव घेत नाही. जी धूळ डोळ्यांना दिसते ती नाकातच अडकते. जी दिसत नाही ती आत जाऊन मुक्काम ठोकते. म्हणून तिथे प्रत्येकाला मास्क. आणि तो मास्क कसा घालायचा हे शिकवणारी, आणि तो खरंच बसलाय की नुसता शोभेला लटकतोय हे तपासणारी, ही बाई.

मुळात ती पोती भरणारी. बारा वर्षं तिने पोत्यांची तोंडं शिवली, तीही नाकातोंडाला सुती रुमाल बांधून, कारण तेव्हा संरक्षण म्हणजे रुमाल. तिच्या शेजारी उभी राहणारी बाई चाळिशीच्या आतच जिन्यात मधेच बसायला लागली, मग कामावर येईनाशी झाली, आणि मग घरातूनही बाहेर पडेनाशी झाली. त्यानंतर कारखान्याला जाग आली. मास्क विकणाऱ्या कंपनीचा एक माणूस माहिती द्यायला आला आणि तासभर बोलला. श्वसनसंरक्षक साधन, मुखाचा परीघ, गळतीचे प्रमाण. लोक जांभया देऊन देऊन दमले. शेवटी मागून ही उठली आणि म्हणाली, “साहेब, म्हणजे मास्क गालाला चिकटला पाहिजे आणि कडेने वारा शिरता कामा नये, एवढंच ना?”

“हो,” तो म्हणाला.

“मग तसं सांगा की! तासभर आमचं डोकं कशाला खाल्लंत?”

सगळे हसले, सुपरवायझरही हसला, आणि पुढच्या महिन्यापासून शिकवण्याचं काम हिच्याच गळ्यात पडलं. त्याला आता नऊ वर्षं झाली होती.

शिकवण्याची तिची तऱ्हा अशी, की माणूस एकदा तिच्या तावडीतून गेला की जन्मभर विसरत नसे. मास्कला दोन पट्ट्या. एक डोक्यावरून, एक मानेमागून. दोन्ही मानेवर घेणाऱ्याला ती म्हणे, “हा मास्क नाही, हार आहे. सत्कार आहे का तुझा?” मास्क कपाळावर चढवून गप्पा ठोकणाऱ्याला विचारी, “कपाळाने श्वास घेतोस का रे?” नाकावरची पत्र्याची पट्टी एका हाताने चिमटीत दाबली की मधे टोक येतं आणि दोन्ही बाजूंना वाट मोकळी राहते, म्हणून ती दोन्ही हातांच्या बोटांनी, मधून बाहेरच्या बाजूला दाबत न्यायची. हे ती प्रत्येकाकडून दहादा करून घ्यायची. दाढीचे खुंट वाढवून आलेल्याला दारातूनच परत पाठवायची, कारण खुंटांवर मास्क बसत नाही, नुसता टेकतो.

या शेवटच्या नियमामुळे तिच्या घरात मात्र बरकत होती. तिचा नवरा न्हावी, आणि दुकान कारखान्याच्या फाटकासमोर. परीक्षेचा आठवडा आला की त्याच्या बाकड्यावर बसायला जागा नसे. “बायको माणसांना हाकलते आणि मी गोळा करतो,” असं तो गिऱ्हाइकाच्या गालाला फेस लावता लावता सांगायचा. त्याचं बोलणं नेहमी तुटक तुटक, कारण वस्तरा गळ्यापाशी आला की तो वाक्य मधेच सोडून द्यायचा. ती सवय घरीसुद्धा सुटली नव्हती.

आता या परीक्षेबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मास्क घालता येणं वेगळं आणि तो बसणं वेगळं. प्रत्येकाचा चेहरा निराळा, नाक निराळं. म्हणून वर्षातून एकदा प्रत्येकाला तपासायचं. डोक्यावरून खांद्यांपर्यंत येणारं एक पारदर्शक टोपडं, त्याला तोंडासमोर एक भोक, आणि भोकातून आत फवारा सोडायला रबरी फुग्याची बाटली. बाटलीत कडूजहर पाणी. अपाय काही नाही, पण जिभेला लागलं तर दिवसभर तोंड वाकडं. मास्क लावून माणूस टोपड्यात बसायचा, तोंडाने श्वास घ्यायचा, बाई फवारे मारायची, आणि तो मान डावीकडे उजवीकडे, वर खाली करायचा, कमरेत वाकायचा, शंभरापासून उलटे आकडे मोठ्याने मोजायचा. एवढं करून काही कडू लागलं नाही तर मास्क बसला. लागलं, तर कुठून तरी वारा शिरतोय, दुसरा मास्क घ्या. कारखान्यात याला कडू परीक्षा म्हणत.

परीक्षा हा शब्दच घातक. लोकांना वाटे, कडू लागलं म्हणजे आपण नापास. मग कडवटपणाने डोळ्यांत पाणी आलं तरी गडी म्हणायचा, “छे, काहीच नाही.” बाईला हे पहिल्याच वर्षी कळलं. तेव्हापासून ती तोंडचं ऐकणं सोडून चेहरा वाचायला शिकली. कोणाची पापणी फडफडते, कोणाच्या घशाची घाटी हलते, कोण आकडे मोजता मोजता ब्याऐंशीवरून एकदम एकोणऐंशीवर जातो. “काढ मास्क,” ती म्हणायची, “माझ्याशी खोटं बोल, पण छातीशी बोलू नकोस.” साठ माणसं तिच्या सहीवर श्वास घेत होती. बाईंनी सही केली म्हणजे मास्क बसला, यात कोणाला शंका नव्हती, आणि तिलाही नव्हती.

परीक्षेची पहिली पायरी मात्र मास्क घालायच्या आधीची. उघड्या तोंडाने टोपड्यात बसायचं, आणि सौम्य पाण्याचे फवारे घ्यायचे. दहांत कडू लागलं का? नाही तर वीस. नाही तर तीस. ज्याला तिसाव्यालाही कळत नाही, त्याच्या जिभेला ही चव कळतच नाही, आणि त्याला या परीक्षेला बसवण्यात अर्थ नाही. काही माणसं असतात तशी. मग कागदावर पहिल्या चौकोनात दहा, वीस किंवा तीस लिहायचं. एवढी साधी गोष्ट. पण तीत वेळ फार जायचा, कारण त्यानंतर चूळ भरून पाव तास थांबावं लागे, आणि सुपरवायझर दाराशी येऊन घड्याळ बघत उभा राहायचा. म्हणून हळूहळू बाईने एक सवय लावून घेतली. ज्यांना ती वर्षानुवर्षं ओळखत होती, ज्यांच्या जिभेची तिला खात्री होती, त्यांची पहिली पायरी ती गाळायची आणि चौकोनात सरळ दहा लिहून टाकायची. तिच्या मते ही काही फसवणूक नव्हती. माहीत असलेलंच तर लिहायचं.

तिचा धाकटा भाऊ याच कारखान्यात होता. आई गेली तेव्हा तो पाच वर्षांचा आणि ही सतरा. अंघोळ घालण्यापासून शाळेत नेऊन बसवण्यापर्यंत सगळं हिनेच केलं, आणि तिचं लग्न झालं तेव्हा तो पाठराखणीला आला तो कायमचाच राहिला. भावजींची आणि त्याची गट्टी अशी, की कोण कोणाचा भाऊ असं नव्या माणसाने विचारावं. कारखान्यात तो ताईला बाईच म्हणायचा. चार वर्षं त्याने आवारात ट्रक लावून घेण्याचं काम केलं होतं आणि डोळे लावले होते चक्कीवर. चक्की म्हणजे दगडाची पूड करणारं ते अजस्र धूड. ते चालवणाऱ्याचा कारखान्यात मान असतो, कारण चक्कीच्या आवाजावरून तो सांगतो आत दगड किती आहे ते. शेवटी जुना चक्कीवाला निवृत्त झाला आणि जागा भावाला मिळाली. आवारात मास्क लागत नव्हता, चक्कीवर रबरी मास्क लागतो. तेव्हा आयुष्यात पहिल्यांदा तो कडू परीक्षेला ताईसमोर बसला.

“पहिलं उघड्या तोंडाने ना?” त्याने विचारलं. इतरांकडून ऐकलं होतं.

“तुझी जीभ कसली तपासू?” ती म्हणाली. “तापाची गोळी साखरेत लपवली तरी शेजारच्या खोलीतून ओळखायचास. भिंतीवर थुंकलेला डाग दोन वर्षं होता. घाल मास्क.”

त्याने घातला. टोपड्यात बसला, मान हलवली, वाकला, आकडे मोजले. पापणी हलली नाही, घाटी हलली नाही. “कडू?” “नाही.” तिने आयुष्यात इतका शांत चेहरा पाहिला नव्हता. तिला मनातून आनंद झाला, मधल्या मापाचा मास्क पहिल्याच झटक्यात बसला म्हणून. पहिल्या चौकोनात तिने दहा लिहिलं आणि खाली सही केली.

याला सहा आठवडे झाले आणि एका रविवारी दुपारी घरात काकडी चिरली गेली. चिरली न्हाव्याने. पातळ चकत्या करण्यात आपला हात कोणी धरत नाही असा त्याचा दावा होता, आणि तो खराही होता. तिघं जेवायला बसले. न्हाव्याने पहिली चकती तोंडात टाकली आणि ताटाबाहेर थुंकला.

“विष आहे विष! फेकून दे ती.”

ताईने एक तुकडा चाखला आणि तिचंही तोंड वाकडं झालं. असली कडू काकडी वर्षातून एखादी निघते. भाऊ मात्र चक्कीबद्दल काहीतरी सांगत होता. नव्या जाळीमुळे पूड कशी बारीक येते, साहेब कसे खूश झाले. बोलता बोलता त्याने एक चकती उचलली, खाल्ली, दुसरी उचलली, खाल्ली. तिसरीला मीठ लावलं.

“अरे, कडू आहे ती,” न्हावी म्हणाला.

“हो का?” त्याचा हात थांबला. मग घाईघाईने म्हणाला, “हो हो, आहे खरी जराशी.” आणि तोंड वाकडं केलं. पण ते वाकडं करणं उशिरा आलं. नऊ वर्षं माणसांची तोंडं वाचणाऱ्या बाईसमोर तो हे नाटक करत होता. न्हावी हसला. ती हसली नाही.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“काय कधीपासून?”

“चव.”

त्याने हातातली चकती ताटात ठेवली. “त्या तापानंतर,” तो म्हणाला. ताप येऊन वर्ष होऊन गेलं होतं. “वास तर पहिल्याच आठवड्यात गेला. मग चव. खारट थोडं कळतं. बाकी सगळं कागद चावल्यासारखं.”

“अरे, पण तू रोज म्हणतोस ना,” न्हावी म्हणाला, “ताई, आज झक्कास झालंय...”

“ती वाढून समोर उभी राहते,” भाऊ ताटाकडे बघत म्हणाला. “तोंडाकडे बघत. काय सांगू तिला?”

हे ऐकून तिला आधी रडू आलं आणि लगेच राग आला, आणि दोन्ही एकाच वेळी आवरता येईनात. तापातून उठल्यावर तो हाडांचा सापळा झाला होता. त्याच्या अंगावर मांस चढावं म्हणून ती वर्षभर राबली होती. त्याला आवडतं म्हणून हे, त्याला रुचेल म्हणून ते. आणि हा कागद चावत होता आणि झक्कास म्हणत होता. मूर्ख कुठला. आणि मग तिला टोपड्यातला तो शांत चेहरा आठवला. चेहरा शांत होता तो मास्क बसला होता म्हणून नव्हे. त्या टोपड्यात कडूजहर पाऊस पडला असता तरी तो शांतच राहिला असता. सहा आठवडे तो चक्कीपाशी उभा होता, आणि मास्क त्याच्या तोंडावर बसतो की नाही हे जगात कोणालाच माहीत नव्हतं.

“परीक्षेच्या दिवशी का नाही बोललास?”

“तू विचारलंस, कडू लागतंय का. मी म्हटलं, नाही. खोटं कुठे बोललो?”

हे खरंच होतं. खोटं त्याने नव्हतं बोललेलं. चौकोनात दहा लिहिणारा हात हिचा होता.

“ताई, मला हवा तर दुसरा मास्क दे,” तो म्हणाला. “दोन दे. एकावर एक घालतो. पण कागद तसाच राहू दे. चार वर्षं थांबलोय मी. आता मला तिथून काढलं तर तो चाळणीवरचा गडी माझ्या जागेवर टपूनच बसलाय. पुन्हा ट्रकमागे शिट्ट्या मारत फिरू का?”

खरं सांगायचं तर ती हो म्हणणार होती. सख्ख्या भावाचं मन मोडायला जीव धजत नव्हता, आणि मोठ्या मापाचा मास्क गुपचूप देणं तिच्या हातचा मळ होता. पण मोठा बसतो की नाही हे तरी कशावरून ठरवणार? ती याच विचारात असताना न्हाव्याने हात धुतले आणि टॉवेल शोधत सहज विचारलं, “पहिली पायरी तू ह्याचीच गाळलीस, की...”

नेहमीसारखं त्याने वाक्य मधेच सोडलं. पण या वेळी ते तिच्या गळ्याशी आलं होतं. ती बोटं मोजत बसली. एक हात झाला, दुसरा झाला, आणि पुन्हा पहिल्या हाताचं एक बोट. भाऊ धरून अकरा.

सोमवारी सकाळी ती सुपरवायझरसमोर उभी राहिली. माणूस वाईट नव्हता, पण कटकट नको या एका तत्त्वावर त्याची नोकरी चालली होती. सगळं ऐकून त्याने दार लोटलं.

“कोणाला कळलंय हे?”

“मला कळलंय.”

“तसं नव्हे हो बाई. म्हणजे, अकरा जणांना एकेक करून बोलवा, ती तुमची पायरी करून टाका, कागद बदला. मिटलं. बोभाटा कशाला?”

“आणि भावाचं काय? त्याला ही परीक्षा चालतच नाही. मशीन मागवा. ते नळीवालं, जे मास्कच्या आतले आणि बाहेरचे कण मोजतं. तोवर त्याला चक्कीवर ठेवायचं नाही. आणि बोभाटा मीच करणार आहे. उद्या माझ्या सहीवर कोणी श्वास घेणार असेल, तर ती सही कशी झाली होती ते त्याला माहीत पाहिजे.”

सुपरवायझरने डोक्याला हात लावला, पण फोनही लावला. मशीन गुरुवारी मिळणार होतं.

पाळी बदलायच्या वेळी फाटकापाशी सगळे जमतात, तिथे ती एका पालथ्या पेटीवर चढली. साठ माणसांपुढे बोलायची तिला सवय होती, पण त्या दिवशी तिच्या तोंडचं पाणी पळालं होतं. तरी ती आडपडदा न ठेवता बोलली. अकरा कागदांवर मी न तपासता दहा लिहिलंय. कोणी सांगितलं म्हणून नाही, माझ्या मनाने. त्यातला एक माझा भाऊ आहे, आणि त्याला कडू चव कळतच नाही हे मला काल जेवताना कळलं. मग तिने ते अकरा जण कोण ते सांगितलं.

आधी एकदोघे हसले. बाई काहीतरी गंमत करताहेत असं वाटलं असावं. मग मागून पोती भरणाऱ्यांपैकी एकीने विचारलं, “आणि आमचे कागद? ते तरी खरे का?” या बाईला कारखान्यात नऊ वर्षांत असा प्रश्न कोणी विचारला नव्हता. “खरे आहेत,” बाई म्हणाली. “पण तुला वाटत असेल तर तुझीही परीक्षा पुन्हा घेते.” “घ्या,” ती पोती भरणारी म्हणाली. तिच्या मागून आणखी सात जणांनी हात वर केले. ते बघून बाईला जेवढं लागलं, तेवढं सुपरवायझरने फाडून खाल्लं असतं तरी लागलं नसतं.

त्या तीन दिवसांत भाऊ तिच्याशी बोलला नाही. दिवसभर आवारात ट्रकमागे शिट्टी वाजवायचा, आणि घरी आला की मुकाट्याने जेवून उठायचा. झक्कास वगैरे काही नाही. आणि गंमत बघा, तो शब्द वर्षभर खोटा होता हे कळूनसुद्धा तिला त्याची आठवण यायची. ताट वाढलं की अजूनही ती क्षणभर समोर उभी राहायची, आणि मग स्वतःच स्वयंपाकघरात निघून जायची. न्हावी मधल्यामध्ये दोघांशी बोलायचा आणि कोणाकडूनच उत्तर न आल्यामुळे स्वतःशीच वाद घालत बसायचा.

गुरुवारी मशीन आलं. लहानशी पेटी, दोन नळ्या आणि बरोबर एक अबोल तंत्रज्ञ. पहिला बसला भाऊ. मधल्या मापाचा मास्क, तोच सहा आठवडे घातलेला. नळी मास्कला जोडली, पेटी घरघरली आणि पडद्यावर आकडा आला. तंत्रज्ञाने तोंडाने नुसतं ‘च्च’ केलं. डाव्या जबड्याखालून वारा सरळ आत शिरत होता. लहानपणी झाडावरून पडून त्याचा जबडा तिथे किंचित आत गेला होता. डोळ्याला दिसायचा नाही, पण मास्कला बरोबर सापडला. भावाने पडद्याकडे बघितलं. “एवढं जात होतं आत?” त्याने हळूच विचारलं. तंत्रज्ञाने मान डोलावली. मग मोठ्या मापाचा मास्क लावला, पट्ट्या ओढल्या, पुन्हा पेटी घरघरली, आणि या वेळी तंत्रज्ञाने अंगठा वर केला. चक्की त्याच्याकडेच राहिली. छातीचा फोटो आदल्या दिवशीच काढला होता. डॉक्टर म्हणाले होते, सध्या स्वच्छ आहे, दरवर्षी काढत राहा. सहा आठवड्यांत जे आत गेलं ते कोणी मोजलं नव्हतं आणि ते आता काढताही येणार नव्हतं. पण भाऊ उठला, तिच्यापाशी आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, “ताई, मोठा आणखी एक राखीव देऊन ठेव मला.” कारखान्यात तो तिला पहिल्यांदाच ताई म्हणत होता. तिने तोंड फिरवून मास्कच्या पेटीत हात घातला आणि बराच वेळ तो मास्क तिला सापडेना.

मग राहिलेल्यांची पहिली पायरी. उघडं तोंड, टोपडं, सौम्य पाणी. एकेक जण बसला. पहिला पाचव्या फवाऱ्यालाच ओरडला. दुसऱ्याने सातव्याला अशी शिवी हासडली, की तंत्रज्ञसुद्धा दचकला. “धन्यवाद,” बाई म्हणाली आणि चौकोनात मनापासून दहा लिहिलं. शिव्या खाऊन आभार मानायची पाळी तिच्यावर पहिल्यांदाच आली होती, आणि प्रत्येक शिवीबरोबर तिच्या उरावरचा एकेक दगड उतरत होता. तिसरा, चौथा, पाचवा. एकाने थुंकायला बादली मागितली, एकीने डोळे पुसत विचारलं, “पूर्वी नाही ना हो घेत होतात हे? तेव्हाच बऱ्या होतात.” सगळे हसले. नऊ जण झाले, नऊही जिभा शाबूत. सुपरवायझर दाराशी येऊन म्हणाला, “बघा, मी म्हटलं नव्हतं? एका भावावर निभावलं.” तिलाही तसंच वाटायला लागलं होतं. स्वस्तात सुटलो म्हणायचं.

यादीतला शेवटचा दुपारच्या पाळीचा. चक्कीच्या पोटाखाली जाऊन सांडलेली पूड झाडणारे काका. कारखान्यात त्याहून धुळीची जागा नाही. बाई कोवळी पोर म्हणून पोती भरायला आली होती तेव्हा दाभण कसं धरायचं हे त्यांनीच तिला शिकवलं होतं, बोटांना चिंध्या बांधून दिल्या होत्या. झाडणाऱ्यांना मास्क मिळायला लागले त्या वर्षापासून दरवर्षी ते परीक्षेला पहिल्या बाकावर येऊन बसायचे. म्हाताऱ्या माणसाला दोनदा कडू कशाला पाजायचं, म्हणून पहिल्याच वर्षी तिने त्यांची ती पायरी गाळली होती. सात वर्षं, सात कागद, सातही ठिकाणी दहा. दरवर्षी ते शंभरापासून उलटे आकडे स्वच्छ मोजायचे आणि ती म्हणायची, काकांसारखं सगळ्यांनी बसा.

काका आले, हात धुतले, टोपी काढून मांडीवर ठेवली. “या वेळी मास्कशिवाय आहे काका,” ती म्हणाली. “तोंड उघडं ठेवा, श्वास तोंडाने. लागलं की लगेच सांगा.”

“सांगतो की,” ते म्हणाले.

तिने टोपडं त्यांच्या डोक्यावरून घातलं, खांद्यांवर नीट बसवलं आणि फुगा दाबायला सुरुवात केली. पाच. सहा. काका समोर बघत होते. दहा झाले. मागे कोणीतरी अजून हसत होतं, मग ते थांबलं. पंधरा. तिने जरा जोरात दाबला. वीस. आतल्या बाजूला टोपड्यावर बारीक धुकं साचायला लागलं आणि त्यामागे काकांचा चेहरा तसाच, जुन्या ओळखीने हसरा. भाऊ नवा मास्क हातात घेऊन तिच्या बाजूला येऊन उभा राहिला. पंचवीस. तिच्या अंगठ्याला कळ लागली, पण ती दाबत राहिली. अठ्ठावीस. एकोणतीस. तीस.

बाईने बाटली खाली ठेवली नाही. तिला ती ठेवताच येईना.

“पोरी,” काका टोपड्यातून म्हणाले, “सुरू कधी करतेस? मी तयार आहे.”